बागेत येणाऱ्या पक्ष्यांचे जवळून फोटो: लेन्स वाढवू की अंतर कमी करू?

पानगळ
नमस्कार मंडळी. गेले सात-आठ महिने घरच्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायची धडपड चालू आहे. बाग लहान आहे. दोन जास्वंदी, एक तगर, जुना पारिजातक आणि कुंपणावर पसरलेली वेल. रोजची हजेरी म्हणजे बुलबुलांची जोडी, दयाळ, शिंजीर आणि शिंपी. नाचणाच्या मनात आलं तर तोही येतो.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स ७०-३०० मिलीमीटरची. मी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की सगळे उडालेच. सहा-सात मीटरवरून जो फोटो मिळतो त्यात पक्षी एवढासा दिसतो, आणि क्रॉप करून मोठा केला की पिसांचा नुसता लगदा होतो. मला बुलबुलच्या डोळ्याभोवतीची बारीक पिसं मोजता येतील असा फोटो हवाय.

६०० ची लेन्स घ्यावी, की आहे त्याच लेन्सवर जवळ जायची काही युक्ती आहे? तुम्ही काय करता ते सविस्तर सांगा, घाई नाही.

दूरदृष्टी
६०० घ्या. मी ३०० वर दोन वर्षं घालवली. पक्ष्यांसाठी लांबी कितीही असली तरी कमीच पडते.

ओलं_कुंपण
दूरदृष्टी, तळ्याकाठी आणि माळावर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. घरच्या बागेत मात्र गणित वेगळं आहे. तळ्यावरच्या पक्ष्याला आपल्यापाशी यायचं काही कारण नसतं. बागेतला रोज येतो, ठरल्या वेळी येतो आणि बऱ्याचदा ठरल्या फांदीवरच बसतो.

पानगळ, हिशोब करून बघा. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० ची लेन्स तीन मीटरवर साधारण २३-२४ सेंटीमीटर रुंदीची चौकट देते. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत २० सेंटीमीटर. म्हणजे चौकट भरलीच. सहा मीटरवरून तोच बुलबुल चौकटीत चौथाई जागा व्यापतो. तीन मीटर जवळ सरकलात की ६०० च्या लेन्सचं काम झालं.

आता जवळ कसं जायचं? जायचंच नाही. आधी जाऊन बसायचं. पक्षी यायच्या अर्धा तास आधी खुर्ची टाका, रोज त्याच जागी, शक्यतो त्याच मळकट रंगाच्या कपड्यांत. पहिले चार-पाच दिवस कॅमेरा नेऊच नका. पक्षी आला की त्याच्याकडे रोखून बघू नका, मान किंचित वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा. दोन डोळे आपल्यावर रोखलेला चेहरा म्हणजे शिकारी, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. सहाव्या दिवशी कॅमेरा ट्रायपॉडवर आधीच त्या फांदीवर रोखून ठेवा, म्हणजे पक्षी बसल्यावर तुमचं फक्त बोट हलेल.

माझ्याकडे दयाळ नवव्या दिवशी दीड मीटरवर आला. खुर्चीच्या पायाशी मुंग्या वेचत होता. इतका जवळ की फोकस होईना आणि मला श्वास सोडायची भीती वाटत होती.

तिपाई
ओलं_कुंपण यांना अनुमोदन. त्यात एक भर. काही मोठ्या झूम लेन्स अडीच-पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. बाग लहान असेल तर ६०० घेऊन वर तुम्हालाच मागे सरकावं लागेल, आणि मागे भिंत असेल तर संपलंच. विकत घ्यायच्या आधी लेन्सचं किमान फोकस अंतर बघाच. जवळच्या कामासाठी एक्स्टेंशन ट्यूब हा हलका उपाय आहे. त्यात काच नसते, नुसती पोकळ नळी. लेन्स जवळ फोकस करू लागते, पण लांबचं दिसेनासं होतं आणि थोडा प्रकाशही जातो.

दूरदृष्टी
हे मान्य. माझी बाग नाही, मी कायम बाहेरच फिरतो, त्यामुळे किमान अंतराचा विचार कधी केला नव्हता.

पारवा_राखाडी
मी जवळून काढतो, पण डोळा स्पष्ट आला की शेपटी धूसर आणि शेपटी आली की डोळा गेला. लेन्समध्ये दोष असेल का?

तिपाई
दोष नाही, जवळ गेल्याची किंमत आहे. ३०० वर, तीन मीटरवरून, एफ ५.६ ला (लेन्सचं छिद्र जितकं मोठं तितका हा आकडा लहान) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, जेमतेम दोन सेंटीमीटर मिळते. शिंजीर दहाच सेंटीमीटरचा, म्हणून चौकट भरायला दीड मीटरवर गेलात तर ती खोली अर्ध्या सेंटीमीटरवर येते, आपल्या करंगळीच्या नखाच्या रुंदीहूनही कमी. एफ ८ किंवा ११ ला या, आणि पक्षी पूर्ण आडवा, म्हणजे सेन्सरला समांतर असेल तेव्हाच बटण दाबा. फोकस कायम डोळ्यावर. शेपटी धूसर असलेला फोटो लोक प्रेमाने बघतात, डोळा धूसर असलेला कुणी बघत नाही.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद शटर स्पीड पुरतो. अंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/२००० च्या पुढे. प्रकाश कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

नाचणवेडी
नाचण १/५०० ला पण हलतो! शेपटीचा पंखा उघडला की मिटला, मिटला की उघडला. त्याला स्थिर बसायला सांगणारा अजून जन्माला यायचाय. मी १/१६०० च्या खाली जातच नाही. एक मात्र पाहून ठेवलंय. वळण्याआधी तो क्षणभर थबकतो, तेवढ्यात दोन-तीन फ्रेम मिळतात.

मातीची_वाटी
सगळे लेन्सबद्दल बोलताय, मला पाण्याबद्दल बोलायचंय. दाण्याला काही ठरावीक पक्षीच येतात. पाण्याला सगळे येतात, किडे खाणारे आणि मध पिणारेसुद्धा.

पसरट मातीचं भांडं घ्या, पाणी दोन-तीन बोटंच, आत एक खडबडीत दगड. त्यावर एक बाटली टांगून बुडाला सुईने भोक पाडा, थेंब थेंब पडू दे. त्या टप-टप आवाजाला पक्षी लांबून येतात. माझ्याकडे भांडं महिनाभर नुसतं होतं तेव्हा फक्त साळुंक्या यायच्या. थेंब सुरू केल्यावर चौथ्या दिवशी शिंपी आला, मग चष्मेवाल्यांचा थवाच. पाण्याशेजारी सुकी, शेवाळ धरलेली फांदी रोवा. पक्षी आधी तिच्यावर उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि मग पाण्यात जातो. फोटो त्या फांदीवरचा काढायचा, भांड्यातला नाही.

भांडं दररोज घासून पाणी बदला. ओशट झालेल्या भांड्यातून पक्ष्यांना रोग लागतात, डास होतात ते वेगळंच. हे जमणार नसेल तर भांडं ठेवूच नका.

ओलं_कुंपण
वाटीताई, अगदी खरं. आणि ती फांदी मागच्या झाडापासून जितकी लांब रोवाल तितकी पाठभूमी मऊ येईल. मागे चार-पाच मीटर मोकळं असलं की कुंपणाच्या जाळीचा नुसता हिरवट पडदा होतो. बहुतेक जण पक्षी बघतात आणि मागची नायलॉनची दोरी विसरतात.

सावली_बारा
दाणे ठेवण्याबद्दल मला काळजी वाटते. माझ्या शेजाऱ्यांनी पाव आणि शिळं अन्न ठेवायला सुरुवात केली. दोन महिन्यांत कावळे आणि पारवे एवढे वाढले की शिंपी आणि वटवट्या बागेतून दिसेनासे झाले. फोटोसाठी खाऊ घालणं मला पटत नाही. झाडं लावा, येणारे येतील.

पारवा_राखाडी
सावली, थोडं टोकाचं वाटतं. स्वच्छ धान्य थोडंसं ठेवलं तर काय बिघडतं? मुनिया आणि चिमण्या तेवढ्यावर खूश असतात.

सावली_बारा
थोडं आणि स्वच्छ असेल तर माझं भांडण नाही. माझा राग शिळ्यापाक्यावर आहे. आणि खरं सांगू का, जास्वंदीच्या फुलावरचा शिंजीर आणि प्लास्टिकच्या डब्यावरचा शिंजीर यांत मला पहिल्याचाच फोटो घरात लावावासा वाटेल. तो फुलाच्या तोंडातून चोच घालत नाही हे पाहिलंय का कुणी? माझ्या जास्वंदीवर तो बुडाशी भोक पाडून बाजूने मध काढतो. परागकण अंगाला लागतच नाहीत. हे मला फोटो मोठा करून बघितल्यावरच कळलं.

मातीची_वाटी
हो! माझ्या फोटोंतही देठापाशी बारीक चिरा आहेत. मी कीड समजून फुलं तोडत होते.

काचेआडून
मी बाहेर बसू शकत नाही, गुडघे साथ देत नाहीत. माझे सगळे फोटो खिडकीतून आहेत, म्हणून माझ्यासारख्यांसाठी लिहितो.

काच दोन्ही बाजूंनी पुसा. खोलीतला दिवा बंद, मागचा पडदा ओढलेला. लेन्सचं हूड काचेला जवळजवळ टेकवा आणि लेन्स काचेला काटकोनात ठेवा. तिरकी धरली की प्रतिमा दुहेरी होते. खोली अंधारी असली की बाहेरून तुम्ही दिसतच नाही. घर हेच लपण. माझा बुलबुल खिडकीपासून पाऊण मीटरवर बसून पंख साफ करतो आणि मी आत खोकलो तरी हलत नाही.

काचेबद्दल एक गंभीर गोष्ट. काचेत आभाळ आणि झाडं दिसतात, पक्षी त्यात शिरायला जातो आणि आपटतो. पाण्याचं भांडं काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना त्याला वेगच येत नाही, नाहीतर सरळ नऊ-दहा मीटर लांब. मधलं अंतर सगळ्यात वाईट. हे मी आधी वाचलं असतं तर एक होला वाचला असता. फोटो काढायचा नसेल तेव्हा मी बाहेरून दोऱ्या सोडून ठेवतो.

खारूताई
छान धागा. मी सगळ्यात सोपी युक्ती सांगते. घरटं शोधा. पक्षी तिथे परत येणारच, दिवसातून पन्नास वेळा. माझ्या तगरीत बुलबुलचं घरटं आहे, कमरेएवढ्या उंचीवर. समोरच्या दोन फांद्या बाजूला बांधल्या आणि चोच उघडून बसलेल्या पिल्लांचे सुंदर फोटो मिळाले. टाकते संध्याकाळी.

ओलं_कुंपण
खारूताई, कृपया त्या फांद्या आत्ता सोडा. धागा वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

रागावून लिहीत नाहीये. सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. शिंप्याचं घरटं, दोन पानं शिवून केलेलं. एक पान किंचित वाकवून क्लिप लावली, वीस मिनिटांत फोटो काढून क्लिप काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं. कावळा, मांजर, साप, काय आलं ते मला कधीच कळलं नाही. पण त्या पानाला मी हात लावला होता, आणि त्या घरट्याला पानांशिवाय दुसरी कुठलीच भिंत नव्हती. ते फोटो मी कुणालाही दाखवले नाहीत.

खारूताई
पण आई-बाबा दोघं येत आहेत, भरवत आहेत. त्यांना त्रास होत असता तर आले नसते ना?

सावली_बारा
पिल्लं असताना ते येतातच, जीव मुठीत धरून येतात. प्रश्न एवढाच नाही. आडोसा गेला की ऊन थेट पिल्लांवर पडतं, आणि कावळ्याला वरून सगळं दिसतं. शिवाय कावळे आपल्यावर लक्ष ठेवतात. आपण एकाच झुडपाशी सारखे जातो-येतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

काचेआडून
बुलबुलची पिल्लं थोड्याच दिवसांत घरटं सोडतात, धड उडता येत नसतानाच. मग ती खालच्या फांद्यांवर बसून आई-बापांकडे हट्ट करतात. तेव्हा लांबून काढा, त्याहून गोड फोटो नाही.

खारूताई
फांद्या सोडून आले. आधी होत्या तशाच आता झाकल्या गेल्यात. फोटो टाकत नाही. सांगितलंत ते बरं झालं, मला खरंच माहीत नव्हतं.

जुना_रोल
घरट्यांवरून आठवलं. पक्षी-छायाचित्रणाची सुरुवातच घरट्यापासून झाली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला. पुढे त्यांनी जवळ जाण्यासाठी पोकळ बैल बनवला, कातडं पांघरलेला, आत माणूस आणि कॅमेरा. आजचं आपलं लपण त्याच बैलाचं नातवंड.

दुसरी गोष्ट एरिक हॉस्किंग यांची. १९३७ मध्ये घरट्यातल्या घुबडाचा फोटो काढायला ते रात्री लपणाकडे जात असताना घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यानंतरही त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले. घरट्याशी पक्षी काय पणाला लावतो, ते त्या एका झडपेत आलं.

नाचणवेडी
बापरे. हे वाचून अंगावर काटा आला.

पारवा_राखाडी
फ्लॅशबद्दल काय मत? शिंजीर माझ्या फोटोत कायम काळा ठिक्कर येतो. डोळ्यांनी बघताना निळा-जांभळा झळकतो.

तिपाई
मी दिवसा हलका फ्लॅश वापरतो, पक्षी दचकलेला दिसला नाही. डोळ्यात चमक येते.

ओलं_कुंपण
मी वापरत नाही. माझा दयाळ पहिल्या फ्लॅशला उडाला आणि तीन दिवस त्या फांदीवर आला नाही.

पारवा, शिंजिराला फ्लॅशची गरजही नाही. ती झळाळी नुसत्या रंगद्रव्याची नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तयार होते. म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, सकाळचा पहिला तास-दीड तास, आणि पक्ष्याने मान वळवायची वाट बघा. माझ्याकडे एकाच फांदीवरच्या सलग चार फ्रेम आहेत. पहिलीत तो कोळसा, दुसरीत गळ्यावर हिरवी रेघ, तिसरीत छाती जांभळी पेटलेली, चौथीत पुन्हा कोळसा. आणि गडद पक्षी मोजून कॅमेरा फोटो उजळ करतो, पाठभूमी फिकी पडते. एक्स्पोजर थोडं खाली घ्या किंवा सरळ मॅन्युअलवर जा.

विणीचा हंगाम संपला की नर पिवळट होतो, पोटावर मधोमध फक्त एक काळी पट्टी उरते. तेव्हा झळाळी शोधून दमू नका.

मांजरवाली_मावशी
माझ्याकडे मांजर आहे, तरी पक्षी येतात. भांडं उंच खांबावर, आणि दाट झुडपापासून दोन-तीन मीटर लांब. झुडूप अगदी चिकटून असलं की मांजर दबा धरतं, फार लांब असलं की पक्ष्याला पळून जायला जागा उरत नाही. पक्ष्यांच्या वेळी मांजर घरात. ओला पक्षी धड उडू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

जुना_रोल
आवाज बंद करायला विसरू नका. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर लावा. मात्र उडत्या पक्ष्याचे पंख त्यात कधीकधी वाकडे येतात. बसलेल्याला उत्तम. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो भांडायला येतो, आपल्याला भेटायला नाही.

पानगळ
तीन आठवड्यांनी येतोय. सगळं वाचलं, बरंचसं करून पाहिलं. लेन्स घेतली नाही.

पारिजातकाखाली खुर्ची टाकली, तीन मीटरवर मातीचं भांडं, वर थेंबाची बाटली, बाजूला सुकी फांदी. पहिले पाच दिवस कॅमेरा घरात. चौथ्या दिवसापर्यंत बुलबुल कुंपणावरूनच ओरडत होते. सातव्या दिवशी एक जण फांदीवर उतरला आणि माझ्याकडे बघून शेंडी ताठ केली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. तो पाण्यात उतरला.

२९० फ्रेमपैकी ठेवण्यासारख्या अकरा निघाल्या. एकीत शेपटीखालचा लाल भाग पूर्ण भिजून गडद झालाय आणि चोचीच्या टोकाला एक थेंब लटकलाय. थेंबात पारिजातक उलटा दिसतो.

एक शंका आहे. दोन फोटोंत त्याच्या डोळ्यावर दुधी पडदा आलाय, मोतीबिंदूसारखा. बाकीच्यांत डोळा स्वच्छ आहे. आजारी असेल का? काळजी वाटतेय.

काचेआडून
काळजी नको, ती तिसरी पापणी. पक्ष्यांना आडवी सरकणारी एक पातळ पापणी असते, अंघोळीत पाणी उडताना तो ती ओढून घेतो. डोळा झाकतो, पुसतो, पुन्हा उघडतो. इतक्या झटकन की नुसत्या नजरेला दिसत नाही. अंघोळीचे फोटो काढताना म्हणूनच सलग फ्रेम घ्यायच्या.

पानगळ
मी ते दोन्ही पुसून टाकणार होतो. आता तेच सगळ्यात आधी छापून घेतो.

दूरदृष्टी
पानगळ, अभिनंदन. तीन मीटर, ३०० ची लेन्स! मी परवापासून गच्चीत एक भांडं ठेवलंय. अजून फक्त एक पारवा.

मातीची_वाटी
दूरदृष्टी, थेंब सुरू केलात का?

दूरदृष्टी
आज करतो.

खारूताई
काल सकाळी तगरीतली तिन्ही पिल्लं बाहेर पडली. एक पायरीजवळच्या कुंडीवर बसलं होतं, शेपटी अजून बोटाच्या पेराएवढी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दिवा बंद करून, एकच फोटो काढला. आई चोचीत हिरवी अळी घेऊन येतेय. तो टाकू का इथे?

ओलं_कुंपण
टाका, टाका. वाट बघतेय.